वारणावतातली सहा प्रेतं



आजचं वाचन: महाभारत, आदिपर्व, जतुगृहपर्व. म्हणजे आपली लाक्षागृहाची गोष्ट. ती आपल्याला जवळपास पाठच असते, कोणी टीव्हीवर पाहिलेली, कोणी आजीकडून ऐकलेली. दुर्योधनाचा कट, पुरोचनाने बांधलेला लाखेचा वाडा, विदुराने गुपचूप पाठवलेला खनक, त्याने खणलेलं भुयार आणि शेवटी एका रात्री कुंतीसह पाचही पांडव सुखरूप बाहेर. आपण हुश्श करतो आणि पान उलटतो. आज जरा पान उलटायचं थांबू या.

कारण त्या रात्री त्या वाड्यात पुरोचनाखेरीज आणखी सहा माणसं जळाली.

कुंतीने त्या दिवशी अन्नदान ठेवलं होतं. पुष्कळ लोक जेवून गेले. जेवणाच्या आशेने एक निषाद बाईही आली, बरोबर तिचे पाच मुलगे. ते सगळे भरपेट जेवले, मद्य प्याले आणि तिथेच मेल्यासारखे झोपले. मध्यरात्री भीमाने आग लावली. आग दिसताच गावातले लोक धावले, वाड्याभोवती उभे राहून रात्रभर रडले. सकाळी राख उपसली तर एक बाई आणि पाच पुरुषांचे देह सापडले. हिशोब जुळला. कुंती आणि तिचे पाच मुलगे! वारणावत पुन्हा रडलं, हस्तिनापूरला निरोप गेला, धृतराष्ट्राने शोक केला (खरा किती, खोटा किती, तो भाग वेगळा), उत्तरक्रिया झाल्या.

अंगावर येते ती जागा याच्याही आधी आहे. बाहेर पडायचा बेत ठरवताना युधिष्ठिर भावांना सांगतो की शस्त्रागार पेटवून, पुरोचनाला जाळून, सहा जीव इथे ठेवून आपण कोणाच्या लक्षात न येता निघू या. सहा जीव. धर्मराजाच्या तोंडचा हिशोब आहे हा. पुढे निषाद बाई येते ती जणू काळानेच आणलेली, असं व्यास लिहितात. पण आकडा आधीच ठरला होता.

आता त्या रडण्याकडे पाहा. वारणावतातल्या लोकांचं रडणं नाटकी अजिबात नव्हतं. जीव तुटून रडत होते ते. आणि ज्यांच्यासमोर रडत होते ते देहही खरोखर जळालेल्या माणसांचेच होते. फक्त रडणं त्यांच्यासाठी नव्हतं. त्या सहा जणांना राजघराण्याचे म्हणून जे अश्रू मिळाले, ते निषाद म्हणून मिळाले असते का? तुम्हीच सांगा. सकाळी कोणी म्हणालं असतं, "अरे, ही तर ती जेवायला आलेली बाई," तर काय झालं असतं? मला वाटतं, पहिली प्रतिक्रिया सुटकेची झाली असती. दुसरी, "पिऊन पडली असेल."

पुढे द्रौपदीस्वयंवरानंतर पांडव जिवंत असल्याचं सगळीकडे कळतं, लोकांना जणू त्यांचा पुनर्जन्म झाल्यासारखा आनंद होतो. मग ते सहा देह कोणाचे होते, असं विचारणारा मला त्या प्रसंगात कोणी सापडत नाही. महाश्वेता देवींनी मात्र एका बंगाली कथेत म्हाताऱ्या कुंतीसमोर वनात एका निषाद बाईला उभं केलं आणि तिला हा प्रश्न विचारायला लावला. इतकी शतकं लागली, एवढंच.

आता वारणावतातून आपल्या पुलगावला येऊ. वर्धा जिल्हा, देवळी तालुका. पुण्या-मुंबईच्या मंडळींना पुलगाव हे नाव ऐकून काही आठवत असेल तर बहुधा ३१ मे २०१६ आठवेल. तिथल्या लष्कराच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला रात्री आग लागली, मोठे स्फोट झाले, आसपासच्या गावांतल्या लोकांनी अंधारात घरं सोडली. दोन लष्करी अधिकारी गेले, भांडाराच्या अग्निशमन दलाचे जवान गेले. मृतांचा आकडा पुढे एकोणीसवर पोहोचला. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी तिथे आले, लष्करप्रमुखही आले. देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. आग दिसल्यावर माणूस पळतो. ही माणसं आगीच्या दिशेने गेली.

२० नोव्हेंबर २०१८ किती जणांना आठवतो? पुलगावच्याच परिसर. सोनेगावजवळ लष्कराचं मैदान आहे, जिथे जुना, निकामी दारूगोळा नष्ट करतात. सकाळच्या वेळी तो गाडीतून उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. एक जण जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा कर्मचारी. बाकी बहुतेक ठेकेदाराकडचे रोजंदार मजूर, आसपासच्या गावांतले.

पुन्हा सहा. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण आकडा वाचल्यावर मला आदिपर्वच आठवलं हे खरं.

एकोणीस आणि सहा यात फरक आहे, हे मान्य. आगीशी लढताना मरणं आणि पेटी उतरवताना मरणं यातही फरक आहे, तोही मान्य. जवानांना सलामी मिळाली ती त्यांची होती, त्यातली चिमूटभरही कमी करायची गरज नाही. माझी अडचण वेगळीच आहे. आपण सन्मान आणि कणव एकाच डब्यात ठेवतो. सन्मान कर्तृत्वाचा असतो, तिथे कोण काय करत होता हे विचारायलाच पाहिजे. कणव दुःखाची असते. दिवसाच्या मजुरीसाठी स्फोटकांच्या पेट्या उचलणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळी जे घडतं, ते अधिकाऱ्याच्या घरी घडतं त्याहून कमी असतं का? पण झालं काय, तर चर्चा लगेच दुसरीकडे वळली. त्या भागात स्फोटानंतर मातीत उरलेलं लोखंड, पितळ, तांबं वेचून भंगारात विकण्यावर काही जणांचं पोट चालतं. मग "जीव धोक्यात घालून तिथे जायचंच कशाला?" हा प्रश्न. या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे त्या प्रश्नातच आहे, पण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला आपली हळहळ आवरती घ्यायला कारण हवं असतं.

दुर्घटना कानावर आली की आपल्या मनात नकळत एक फॉर्म भरला जातो. वय काय? शिकलेला होता का? आपल्यासारखा होता का? चूक कोणाची? प्यायला होता का? रकाने समाधानकारक भरले गेले तर डोळ्यांत पाणी, स्टेटसवर मेणबत्ती. नाही भरले गेले तर "वाईट झालं" आणि अंगठा पुढच्या रीलवर.

आमच्या विदर्भात हा फॉर्म कागदावरही आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठी, पोलीस, तहसीलदार असा कागद फिरतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते: पात्र की अपात्र. १९ डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयाने मदत ठरली एक लाख रुपये. त्यातले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. निकष काय, तर जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. विनापरवाना सावकाराचं कर्ज असेल तर? मक्त्याने शेती करणारा असेल, सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर? बाई असेल, राबणारी ती पण जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर? आणि दारू. "व्यसनी होता" हे दोन शब्द अहवालात आले की प्रकरण बारगळायला वेळ लागत नाही. हे सगळं दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यात, बरं का! निषाद बाईच्या गोष्टीत मद्याचा उल्लेख का आला असेल, याचा मी बराच वेळ विचार केला. कथेला ते गाढ झोपणं हवं होतं म्हणून आला असेल. पण वाचणाऱ्याच्या मनावरचं ओझंही त्याने हलकं होतं, हे नाकारता येत नाही.

सरकारी समितीचं मी एक वेळ समजू शकतो. पैसे वाटायचे तर कुठेतरी रेघ मारावी लागते. रेघ कुठे मारली यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. आपल्या मनातल्या समितीविरुद्ध अपील कुठे करायचं?

वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा. या सहा जिल्ह्यांना एक विशेषण कायमचं चिकटलं, आत्महत्याग्रस्त. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. म्हणजे कोणी लक्षच दिलं नाही असं नाही. पण त्याच वर्षीची एक गोष्ट पत्रकार पी. साईनाथ पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक होता, त्याचं वार्तांकन करायला ५१२ अधिकृत पत्रकार. तिथे मिरवले जात होते सुती कपडे. आणि तो कापूस पिकवणारा माणूस विमानाने तासाभराच्या अंतरावर जीव देत होता, त्याच्याकडे बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. मला यात फॅशनवाल्यांचा राग येत नाही. माझ्या कपाटातही तोच कापूस आहे. मला प्रश्न पडतो तो मंद दुःखाचा. एका रात्रीत आग लागली तर गाव धावतं. वीस वर्षं रोज थोडं थोडं जळत राहिलं तर त्याचं विशेषण होतं आणि आपण ते हवामानासारखं ऐकतो.

"पण आपल्या हळहळीने फरक काय पडतो?" असं कोणीतरी विचारेलच. पडतो. हिंगणघाट आठवा. ३ फेब्रुवारी २०२० ला एका तरुण प्राध्यापिकेला कॉलेजच्या वाटेवर, भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं. १० फेब्रुवारीला नागपुरात तिचा मृत्यू झाला. अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला, महाराष्ट्र हादरला. सरकारने विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांना नेमलं आणि बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला आरोपीला जन्मठेप झाली. लोकांच्या संतापात ही ताकद असते. वकील, तपास, मदत, तारखा, सगळं त्याने हलतं. आणि म्हणूनच तो संताप कोणाच्या वाट्याला येतो हा निव्वळ भावनेचा प्रश्न राहत नाही. घराच्या आत, दार लावून, जी सून जळते आणि कागदावर "स्टोव्हचा भडका" म्हणून बंद होते, तिच्यासाठी चौकात कोणी बसत नाही. तिलाही आगीने तितकंच भाजलेलं असतं.

तुमच्या वयाच्या मंडळींना जवळची वाटेल अशीही एक घटना आहे. जानेवारी २०२२, सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळली, सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे सात विद्यार्थी गेले. त्यातला एक आमदारांचा मुलगा. सकाळचे मथळे कसे होते? "आमदारपुत्रासह सात जण." त्या बापाचं दुःख मोठंच होतं, त्यात शंका नाही. पण त्या एका मथळ्यात बाकीची सहा घरं आकडा झाली. मथळा देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याने फक्त ओळखीचं नाव पुढे घेतलं. आपण बोलतानाही तेच करतो.

आपण नामाचे उपासक ना? नामाचा महिमा रोज गातो. मग हे पाहा: याच आदिपर्वात धृतराष्ट्राच्या शंभर मुलांची नावं ओळीने दिलेली आहेत. पुढे त्यातल्या कितीकांच्या वाट्याला युद्धात मरण्यापलीकडे काही काम नाही, तरी प्रत्येकाला नाव आहे. निषाद बाईला नाव नाही. तिच्या पाचपैकी एकालाही नाही. व्यासांवर रागावण्याआधी एवढंही लक्षात घ्या की सहा माणसं जळाली, ती आई-मुलं होती आणि निषाद होती, हे लपवायचं असतं तर सहज लपवता आलं असतं. "भुयारातून निसटले" एवढ्यावर गोष्ट भागली असती. पांडवांच्या पोतडीतला हा डाग त्यांनीच जपून ठेवला, म्हणून आज आपण त्यावर बोलतो आहोत.

आता खरी अडचण. सगळ्यांसाठी सारखं रडणं माणसाला जमतं का? नाही जमत. आईला स्वतःच्या लेकराचं जास्त दुखणारच, आणि दुखलं नाही तर ती आई कसली. मग गीतेच्या सहाव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक काय मागतो आपल्याकडे? दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःवरून मोजणारा योगी श्रेष्ठ, असा त्याचा आशय. मी हा श्लोक पुष्कळ वर्षं "सगळ्यांवर सारखं प्रेम करा" असा वाचत आले. आता मला त्यातला मोजण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. भावना कमी-जास्त होणारच, पण माप एकच ठेवा. स्वतःच्या भावाबद्दल जे विचाराल तेच मजुराबद्दल विचारा. आपला भाऊ अपघातात गेला तर "प्यायला होता का?" हा आपला पहिला प्रश्न असतो का?

इथे विनोबांचा आधार घेते, कारण पवनार आमच्या उशाशी आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिल्याच अध्यायावर बोलताना ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडो जणांना फाशी देऊन झालेला हा गृहस्थ, एक दिवस स्वतःचा मुलगाच खुनाच्या आरोपात समोर उभा राहतो आणि गुन्हा शाबीत होतो, तेव्हा फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे यावर बोलू लागतो. विनोबांचं म्हणणं असं की अर्जुनाचंही तेच झालं. त्याला अचानक अहिंसा सुचली ती समोर आपली माणसं दिसली म्हणून. किती लढाया त्याने आधी केल्या होत्या, तेव्हा धनुष्य गळालं नव्हतं. म्हणजे गीता सुरूच होते ती निवडक करुणेपासून! अर्जुनाचे अश्रू खोटे होते असं कृष्ण म्हणत नाही. त्या अश्रूंना त्याने जे तत्त्वज्ञानाचे कपडे चढवले, ते कृष्ण उतरवतो.

आणि गांधीजींचं एक. सेवाग्रामला गेलात तर आश्रमात परचुरे कुटी पाहाल. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, गांधीजींचे तुरुंगातले सोबती. त्यांना कुष्ठरोग झाला आणि ते सेवाग्रामला आले. त्या काळी या रोगाची लोकांना किती भीती होती, ते वेगळं सांगायला नको. गांधीजींनी त्यांना आश्रमातच झोपडी दिली, स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केलं. मला यातलं अंतर फार बोलकं वाटतं. त्यांनी लोकांना "कणव बाळगा" असं सांगण्यापेक्षा माणूसच जवळ आणून ठेवला. रोज दिसणाऱ्या माणसाबद्दल मनातला फॉर्म भरायची वेळच येत नाही.

पण थांबा, इथेही निषाद बाई आहेच. परचुरेशास्त्री विद्वान होते, गांधीजींच्या ओळखीचे होते, त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. त्याआधीच, १९३६ मध्ये, विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं होतं. तिथे आले ते बहुतेक घराने टाकलेले, गावाने हाकललेले. त्यांच्या जखमाही कोणीतरी रोज धुतल्याच. त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल? मला नाही येत. दत्तपूर वर्ध्याहून इतकं जवळ आहे, तरी सहलीच्या बसेस सेवाग्रामलाच जातात.

आजच्या साधनेसाठी मोठं काही नाही. दिवसभरात एखादी दुर्घटनेची बातमी समोर येईलच, येतेच. तिच्यात "आणि इतर" असे शब्द कुठे आहेत ते शोधा. बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असतात. ते इतर कोण, कुठल्या गावचे, काय काम करत होते, एवढं शोधायला पाच मिनिटं द्या. कधी सापडेल, कधी नाही. सापडलं तर संध्याकाळच्या प्रार्थनेत घरच्यांच्या नावांबरोबर ते एक नाव घ्या. कोणी म्हणेल, याने त्यांना काय मिळणार? बहुधा काहीच नाही. पण मनातल्या समितीची एक बैठक तरी त्या दिवशी कोरमअभावी रद्द होईल.

उद्याचं वाचन: हिडिंबवधपर्व. भुयारातून बाहेर पडलेले पांडव रानात पोहोचले आहेत. भीम पाणी आणायला जातो, परत येतो तोवर आई आणि भाऊ दमून जमिनीवरच झोपलेले असतात. महालात मऊ शय्येवर झोपणारी आई आज मातीत झोपली आहे, हे पाहून भीमाला भडभडून येतं. फार सुंदर विलाप आहे तो, नक्की वाचा. वाचताना एवढं ध्यानात असू द्या की ही वारणावतातल्या आगीनंतरची लगेचची रात्र आहे.

रामकृष्णहरी.